बंदूक कोणाच्या हातीं?

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें प्रथम दप्तर उभें राहतें. खानदेशांत तर हें विशेषच खरें आहे. ज्या धुळ्यास राजवाड्यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेवला, आणि जेथें पुढील वर्षींच त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें, त्या प्रांतांत कागदाची प्रतिष्ठा मोठी असावी हें योग्यच होय. परंतु कागदावर आमची जितकी भक्ति, तितकीच लोखंडाविषयीं आमची उदासीनता. तरवारीस अजून देव्हाऱ्याशेजारीं जागा मिळते आणि दसऱ्यास झेंडूचें एखादें फूलही मिळतें. बंदुकीच्या नशिबीं तेवढेंही क्वचितच येतें. तिची नळी माळ्यावर गंजते, आणि कुंदा एखाद्या कडक हिंवाळ्यांत शेकोटीच्या कामीं येतो.

हा विचार आमच्या मनांत उद्भवण्यास एक निमित्त घडलें. शिरपुराकडील आमचे एक जुने विद्यार्थी पायदळांत नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. निवृत्तीनंतर ते अमेरिकेंत धाकट्या भावाकडे कांहीं महिने राहून आले. तेथें शेजारीं एक वृद्ध सैनिक राहत असे. शिपाई शिपायास ओळखतो. त्या गृहस्थानें यांना घरीं नेऊन आपला बंदुकांचा संग्रह दाखविला. अठराव्या शतकांतील चकमकीच्या बंदुकेपासून ज्या जातीची रायफल घेऊन तो व्हिएतनामांत लढला त्या जातीच्या रायफलीपर्यंत सर्व भिंतीवर क्रमानें मांडलेलें होतें. परत आल्यावर आमचे सुभेदार भेटीस आले आणि चहाचा पेला हातांतच ठेवून त्यांनीं विचारलें, "सर, असा संग्रह आपल्या शिरपुरांत कोणीं करायचा म्हटला, तर त्यांत काय काय ठेवावें लागेल?"

आमचें पहिलें उत्तर रुक्ष होतें. असा संग्रह येथें करतांच येणार नाहीं, असें आम्हीं सांगितलें. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यानें जुनाट घाटाच्या, किंवा दुरुस्तीनेंही उडूं न शकणाऱ्या बंदुकांना सूट ठेविली आहे हें खरें. पण चालूं हत्यारें एका परवानेदारास १९८३ पासून तीनच बाळगतां येत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तीनांचीं दोन झालीं. शिवाय लष्करी मापाची रायफल सामान्य नागरिकास निषिद्धच. म्हणजे ज्या जातीची रायफल चोवीस वर्षें उशाशीं घेऊन हे गृहस्थ निजले, त्या जातीची रायफल त्यांच्या दिवाणखान्यांत कधींही यावयाची नाहीं. सुभेदार हंसले व म्हणाले, "तें मला ठाऊक आहे, सर. मी कल्पनेंतल्या संग्रहाविषयीं विचारतों आहें." मग मात्र आम्हांला त्या प्रश्नानें सोडलें नाहीं.

पहिल्या खुंटीवर काय असावें, याविषयीं आम्हांस क्षणभरही शंका नाहीं. तेथें थाळनेरची तोड्याची बंदूक पाहिजे. थाळनेर हें शिरपूर तालुक्यांतील तापीकांठचें गांव. एके काळीं फारुकी सुलतानांची राजधानी, आणि त्या वंशाचा मूळ पुरुष मलिक राजा १३९९ सालीं वारल्यावर तेथेंच पुरला गेला. आज कबरींचे घुमट आणि नदीवरचा ढासळलेला तट एवढेंच उरलें आहे. आम्ही सुभेदारांसह तेथें गेलों. इतिहासाचा प्राध्यापक तट पाहून बांधणीचा काळ ठरवूं लागतो, सुभेदारांनीं मात्र प्रथम पाण्याच्या बाजूस पाहिलें, मग दरवाजाच्या वाटेकडे पाहिलें, आणि म्हणाले, "येथें आंत शिरणाऱ्याची धडगत नव्हती."

त्यांचें निदान अचूक होतें. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह झाला व होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. थाळनेरही त्यांतच आलें. पण तह मंदसोरास झाला होता आणि किल्ल्यांत होते अरब. फेब्रुवारीच्या २७ तारखेस सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यापुढें येऊन थडकली तेव्हां तटावरून बंदुकांचा मारा सुरू झाला.

ती बंदूक कशी होती, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. लांब नळी, बारीक तोंड, आणि नळीस कुंद्याशीं बांधून ठेवणारे चामड्याचे किंवा तारेचे वेढे. तोंडांतून दारू व गोळी घालून गजानें ठासावयाची, कानाजवळच्या वाटीवर रंजक ओतावयाची, आणि सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेला सुती तोडा पेटवून तो घोड्यांत धरावयाचा. चाप दाबला म्हणजे जळतें टोंक रंजकावर येई. पाऊस आला कीं सगळा कारभार आटोपला. आणि अंधारांत तोड्याचा निखारा बंदुकवाल्याचा ठावठिकाणा शत्रूस कळवी. असें असूनही दगडाआड बसून, नळी टेकवून, सावकाश नेम धरणाऱ्याच्या हातीं ती मोठी घातकी असे. समोरच्या इंग्रजी पलटणीजवळ चकमकीची बंदूक होती. तिची नळी एकोणचाळीस इंचांची, तोंड पाऊण इंचाचें, आणि नेम बेताचाच. परंतु कवाईत शिकलेली रांग ती मिनिटास तीनदां भरी. एकीकडे एकेका माणसाचें कसब आणि दुसरीकडे पलटणीची शिस्त, असा तो सामना होता. आणि त्याचा निकाल आधींच महिदपुरास लागलेला होता.

पण थाळनेरचा शेवट बंदुकीनें झाला नाहीं. तोफांपुढें बाहेरचे दरवाजे मोकळे झाले. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. आंतल्या दरवाजाची दिंडी उघडली आणि कर्नल मरे, मेजर गॉर्डन वगैरे अधिकारी मोजक्या शिपायांसह आंत शिरले. शरणागतीच्या अटी काय, हें अरबांस नीट कळलेलें नव्हतें. एकाची भाषा दुसऱ्यास उमगेना. आणि त्या चिंचोळ्या जागेंत एकाएकीं तरवारी व खंजीर निघाले. गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले, मरे जखमी होऊन पडला. मागून आलेल्या फौजेनें किल्ल्यांतील सुमारें तीनशें माणसें कापून काढलीं, आणि त्याच संध्याकाळीं किल्लेदारास फांशीं दिलें. जो दंगल होण्यापूर्वींच स्वाधीन झाला होता त्यास फांशीं कां, हा प्रश्न विलायतेंतही निघाला. १८१९ मध्यें सैन्याचे आभार मानतांना पार्लमेंटनें थाळनेरच्या प्रकाराविषयींचें आपलें मत राखून ठेविलें. तें राखून ठेविलेलें मत अजून कोणीं उच्चारलेलें नाहीं.

येथें वाचकांनीं अरबांविषयीं हळवें होऊं नये. ही शिबंदी इतरांहून पुष्कळ अधिक पगार घेई, त्यांतून सावकारी करी, आणि खानदेशच्या रयतेस ती शिबंदी जाचकच होती. मालेगांवचा किल्ला त्यांनीं त्याच वर्षीं मे-जूनमध्यें असाच निकरानें लढविला. पण नोकरी करणाऱ्यानें कोणासाठीं लढावें, आणि धन्यानेंच किल्ला लिहून दिल्यावर त्यानें हातांतल्या बंदुकीचें काय करावें, हा प्रश्न थाळनेरच्या दिंडींत जसा उघडा पडला तसा क्वचितच पडला असेल.

दुसऱ्या खुंटीवर भिल्ल पलटणीची बंदूक ठेवावी. अरब गेले, पण सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या घाटांतील भिल्ल सरकारास आवरेनात. शिक्षा करून झाली, मोहिमा काढून झाल्या. शेवटीं १८२५ मध्यें एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत जेम्स आउट्रम नांवाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यानें त्याच भिल्लांची पलटण उभारली. धरणगांव हें तिचें ठाणें. हा मनुष्य त्यांच्यांत पहाऱ्याशिवाय राहिला, त्यांच्या बरोबर वाघांच्या शिकारी केल्या, आणि ज्यांच्या तीरकमठ्यास सरकार भीत होतें त्यांच्याच हातीं त्यानें सरकारी बंदूक दिली. राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचें उदाहरण म्हणून हें नेहमीं सांगतात, आणि तें खोटें नव्हे. मात्र भिल्लास बंदूक मिळाली ती भिल्लावर रोखण्यासाठीं, हेंही त्याच वाक्यांत सांगितलें पाहिजे.

तें वाक्य १८५७-५८ मध्यें पुरें झालें. शिरपुराहून उत्तरेस जो आग्र्याचा रस्ता सातपुड्यांत शिरतो त्यावरील सेंधवा घाटाच्या राखणीस खाज्या नाईक हा सरकारचाच नोकर होता. तो उठला, त्यानें सरकारी खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणीच्या डोंगरांत दगडांआडून सरकारी फौजेशीं सामना दिला. पकडलेल्यांपैकीं अनेकांस तेथल्या तेथें चौकशीचा देखावा करून गोळ्या घातल्या. बायकाही मोठ्या संख्येनें धरल्या गेल्या. त्या साऱ्या धामधुमींत भिल्ल पलटण मात्र सरकारशीं एकनिष्ठ राहिली. घाटाची राखण करणारा भिल्ल बंडांत आणि पलटणींतला भिल्ल चाकरींत! दोघांनाही रस्ता सांभाळावयास नेमलें होतें तें एकाच सरकारनें.

तिसरें हत्यार आमच्या मतें साऱ्या संग्रहांतील रत्न ठरेल, यद्यपि पाहणाऱ्यास तें अगदीं सामान्य दिसेल. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल सर्वांस ठाऊक आहे. तिच्याच काडतुसाची चरबी १८५७ मध्यें भडकली. तिच्या नळीच्या आंत पिळाचे आटे असत, त्यामुळें गोळी गरगरत सरळ व दूर जाई. बंड मोडल्यावर हिंदी पलटणींसाठीं सरकारनें १८५८ च्या नमुन्याची नवी बंदूक काढली. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड. तोच कुंदा, तेंच टोपीचें कुलूप, तीच संगीन. फरक एवढाच कीं नळी आंतून गुळगुळीत केलेली. म्हणजे शिपाई संचलनांत दिसावा तसा दिसेल, पण त्याची गोळी गोऱ्या सोजिराच्या गोळीइतकी दूर जाणार नाहीं. आम्हीं हें सांगितलें तेव्हां सुभेदार बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "त्या शिपायाला हें माहीत असेल ना, सर? नळी साफ करतांना फडकें आंत फिरवलें कीं कळतेंच." हें आम्हांस सुचलें नव्हतें. पुस्तकांत नमुन्याचें साल मिळतें, नळीच्या तोंडाचें माप मिळतें. रोज संध्याकाळीं त्या गुळगुळीत नळींत फडकें फिरविणाऱ्या माणसास काय वाटत होतें हें मिळत नाहीं. पुढेंही हीच रीत चालली. गोऱ्यांस मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हां आमच्यांकडे स्नायडर, आणि त्यांच्याकडे ली-मेटफर्ड आली तेव्हां आमच्या हातीं मार्टिनी.

चौथी खुंटी मोकळी ठेवावी, असें आम्हीं सुचविलें. ती लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याची खुंटी. देशी माणसास परवाना पाहिजे आणि युरोपियनास नको, असा तो कायदा. काँग्रेसनें आपल्या आरंभींच्या अधिवेशनांपासूनच त्याविरुद्ध ठराव केले. त्या मोकळ्या खुंटीखालीं पोलीसाची .४१० ची मस्केट उभी करावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ली-एन्फिल्ड रायफलीचीच ही तयार करीत. नळी मोठी व गुळगुळीत केलेली, गोळ्यांच्या पेटीच्या जागीं लांकडाचा ठोकळा बसविलेला. एका वेळीं एकच बार. १८५८ ची युक्ति पुन्हां शाबूत! आणि त्याच राज्यांत १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबरच्या खोऱ्यांत, पाचव्या मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे याच्या हातीं टॉमीगन होती. साथीदार पडल्यावर तो एकटाच शत्रूच्या मशीनगनीवर धांवला. गोळ्या संपल्या, नवी पेटी चढवावयास सवड नाहीं, तेव्हां त्यानें बंदूक नळीकडून धरून लाठीसारखी चालविली, आणि मग तो पडला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या पश्चात् मिळाला. परदेशांत शिपायावर पूर्ण विश्वास, आणि त्याच्याच गांवच्या चौकीवर एकबारी मस्केट, असें एकाच काळांत चाललें होतें.

स्वातंत्र्यानंतरच्या खुंट्या सुभेदारांनीं स्वतःच भरल्या: ईशापूरच्या कारखान्यांतील सेल्फ-लोडिंग रायफल, जिच्यावर ते नेम शिकले, आणि तिच्या जागीं आलेली इन्सास. पहिलीचा खांद्यास बसणारा हिसका त्यांनीं आम्हांस हातानें दाखविला. दुसरीविषयीं ते थोडे तुसडेपणानें बोलले. आग्रा रोडवर वारंवार पकडले जाणारे गावठी कट्टे संग्रहांत घ्यावे काय, असें आम्हीं थट्टेनें विचारलें. "घ्यावे," ते गंभीरपणें म्हणाले, "पण भिंतीवर नव्हे, खालच्या खणांत."

ही यादी त्यांनीं शाळकरी वहींत सुवाच्य अक्षरांत उतरून घेतली आहे. प्रत्येक हत्यारापुढें तीन रकाने आहेत: कोणीं बनविलें, कोणाच्या हातीं दिलें, कोणावर चाललें. अनेक पदार्थसंग्रहालयांच्या पाट्यांवर पहिला रकानाच तेवढा भरलेला असतो.

प्रत्यक्षांत त्यांच्याजवळ परवान्याची एकच बंदूक आहे, बारा बोअरची दुनळी. रानडुकरें केळींत शिरतात म्हणून घेतलेली. मागें निवडणुका जाहीर झाल्या तेव्हां परवानेदारांनीं हत्यारें ठाण्यांत जमा करण्याविषयींची नोटीस त्यांसही आली. त्या दिवशीं आम्ही त्यांच्याकडेच होतों म्हणून बरोबर गेलों. बंदूक गोणपाटांत गुंडाळलेली होती. टेबलामागचा शिपाई पंचविशीचा असेल; त्यानें नळी मोडून आंत पाहिलें, नंबर वाचला, आणि विचारलें, "काका, चालवतां येते ना?" सुभेदार म्हणाले, "थोडीफार." मग त्यांनीं पावतीवर सही केली, ती चौघडी करून खिशांत ठेविली, आणि आम्ही बाहेर आलों.