स्प्रिंगला तेलाचा लगाम

जुन्या बुलेटचा पुढचा शॉकअप बाहेरून अगदी साधा दिसतो. दोन नळ्यांत सरकणाऱ्या दोन नळ्या, आत लांब स्प्रिंग आणि थोडं तेल. पण तेलावर चालणारा असा फोर्क विक्रीच्या गाडीवर यायला १९३५ साल उजाडलं. डाइमलरची पहिली पेट्रोलवरची दुचाकी १८८५ची. मधली पन्नास वर्षं स्प्रिंगला आवर कसा घालायचा, हे शोधण्यात गेली.

सुरुवातीच्या मोटारसायकलींना सायकलसारखाच ताठ चिमटा असे. खड्ड्याचा धक्का थेट मनगटात. मग गर्डर फोर्क आला. त्यात नळ्यांची चौकट, तिला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या आणि हँडलपुढे एक जाड स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग सुटली की चाक उसळतं, म्हणून सांध्यावर घर्षणाच्या चकत्या बसवून त्या हाताने आवळायची सोय केली. पण कोरडं घर्षण हालचाल सुरू होतानाच सर्वांत जास्त अडवतं आणि एकदा हालचाल सुरू झाली की ढिलं पडतं. लहान खडीवर फोर्क हलत नाही, मोठ्या खड्ड्यात आवरत नाही. शिवाय सगळ्या पिनांना सतत ग्रीस लागायचं.

नळीत नळी सरकवण्याची कल्पना इंग्लंडच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८ मध्येच आपल्या गाडीवर आणली होती, पण त्याच्या फोर्कात स्प्रिंगला आवरणारं तेल नव्हतं. डेन्मार्कच्या निंबसने १९३४ मध्ये दुर्बिणीसारखा सरकणारा फोर्क दिला आणि पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्यांच्या फोर्कात तेल भरलं. या वंशावळीतलं खरं वळण मी इथे मानतो. तेल बारीक छिद्रांतून जाताना अडतं आणि ते किती अडावं हे चाक किती वेगाने वर-खाली होतं त्यावर ठरतं. हळू हालचालीला कमी विरोध, जोराच्या धक्क्याला जास्त. चकत्यांना हे कधीच जमलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धात हा फोर्क लष्करात शिरला. मॅचलेसची जी३/एल ही ब्रिटिश लष्करी गाडी १९४१ मध्ये तो घेऊन आली आणि युद्धानंतर गर्डरचे दिवस सरले. रॉयल एन्फिल्डने नव्या बुलेटला पुढे असा फोर्क आणि मागे स्विंगआर्म दिला. १९४८ मध्ये इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ती उतरली, पुढच्या वर्षी बाजारात आली. मग भारतीय लष्कराने ती निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली.

लष्कराने वापरलेली गाडी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, परकी राहणं शक्यच नव्हतं. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे १९४८ पासून आहे. वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच. नवं वाहन रस्त्यावर येण्याआधी त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिला आहे, त्यांत तिचं नाव आहे.

पण फोर्कची खरी परीक्षा जिल्ह्याचे रस्ते घेतात, आणि तेही दोन तऱ्हेने. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडे काळी माती आणि उसाने लादलेल्या ट्रॉल्या. तिथे डांबराला लांब लाटा येतात. अकोले, पारनेरकडे आडरस्त्याला लागलात की मुरूम आणि टोकदार दगड. लाटेवर फोर्क सावकाश हलतो, तेलाला छिद्रांतून सहज वाट मिळते आणि गाडी पुढून तरंगते. दगडावर धक्का इतक्या झटक्यात येतो की छिद्रांतून तेल पुरेसं निघत नाही. फोर्क क्षणभर ताठ होतो, हात झिणझिणतात. फोर्कच्या हालचालीचा वेग दुप्पट झाला की छिद्राचा विरोध जवळजवळ चौपट होतो, म्हणून एकच जुना फोर्क राहुरीला मऊ आणि पारनेरला कडक वाटतो.

अशा वेळी जाड तेल टाकायचा मोह होतो. लाटेवर त्याने फरक पडतो, पण दगडावरचा ताठपणा वाढतो. त्यापेक्षा आधी जुनं तेल काढून बघावं. ते काळं, धातूची चमक असलेलं निघालं तर बुश झिजले आहेत. मग नळी तपासावी. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला की वाक लपत नाही. क्रोमवर गंजाचे खड्डे असतील तर नवं ऑइल सील घालून काही उपयोग नाही, ते चिरलं जाणारच. अशी नळी घासून, पुन्हा हार्ड क्रोम करून ग्राइंड करावी लागते. फोर्कच्या दोन्ही पायांत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्यांत, तेल सारखं हवं. ते वर जास्त भरलं तर उरलेली हवा दाबली जाऊन दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, ढिला असेल तर त्याचा आवाज शॉकअपचाच वाटतो. पुढचं चाक उचलून, फोर्क खालून धरून मागेपुढे हलवावा, म्हणजे शंका फिटते.

एवढं झाल्यावरच स्प्रिंग. गाडीवर बसल्यावर फोर्क आपल्या एकूण चालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका दबावा. त्याहून जास्त बसत असेल तर स्प्रिंग थकली आहे. तिच्या जागी सुरुवातीला मऊ आणि दाबत नेलं की कडक होणारी प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग घालता येते. जोराच्या धक्क्याला आपोआप उघडणारी इम्युलेटर नावाची झडपही मिळते, आणि छिद्रांची जुनी अडचण ती खरोखर सोडवते. मात्र ती प्रत्येक जुन्या फोर्कात बसत नाही. बुलेटच्या जुन्या मॉडेलांत आतली रचना वेगळी आहे, म्हणून ती विकत घेण्याआधी एक पाय उघडून बघावा. आणि ती बसवण्यासाठी मूळ भागाला ड्रिल लावावं लागणार असेल, तर तो भाग तसाच जपून ठेवावा आणि ड्रिल दुसऱ्या जुन्या सुट्या भागावर चालवावं.