मजुरी, मका आणि मन

पेलाग्रा रोगात कातडी काळवंडते, झोप उडते, जीव घाबरा होतो, शेवटी भ्रम जडतो. अमेरिकेत त्याचे खापर पूर्वी जंतूंवर वा आनुवंशिकतेवर फुटे. १९१६ साली डॉ. गोल्डबर्गर यांनी साउथ कॅरोलायनातील सात गिरणी-गावांत घरोघरची मिळकत व जेवण तपासण्यास आरंभ केला. मिळकत जितकी कमी, तितका रोग अधिक! ताटात मका होता, दूध-मांस अभावानेच.

कारण पुढे उलगडले. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर नायसिन बनवते. मक्यात ट्रिप्टोफॅन तोकडे, आणि असलेले नायसिन अंगी लागत नाही. त्याविना मेंदूच्या पेशींना अन्नातून शक्ती काढता येत नाही. १९६० साली गोपालन व श्रीकांतिया यांनी आपल्याकडील ज्वारीवर जगणाऱ्यांच्या पेलाग्राचा संबंध ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला.

वेड्या ठरलेल्या मजुराला उपदेश नको होता. दूध परवडेल एवढी मजुरी हवी होती.