टोपलीचा खेळ

पत्त्यांचा विषय निघाला, कीं कांहीं विद्वान् गृहस्थ नाक मुरडतात. परंतु माणसें फुरसतीच्या वेळीं काय करीत आलीं, यालाही इतिहास असतो. आणि राजांच्या लढायांहून तो कमी बोधप्रद नसतो, असें आम्हांस वाटतें.

१९३९ सालीं दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशाच्या माँटेव्हिडिओ या राजधानींत सेगुंदो सांतोस नांवाच्या वकिलानें, आल्बेर्तो सेर्रातो या वास्तुशिल्पज्ञ मित्राच्या साह्यानें, एक नवा खेळ रचला. ब्रिजच्या नादांत फार वेळ जातो, म्हणून कांहीं सुटसुटीत करमणूक हवी, हा सांतोसचा हेतु होता, असें सांगतात. खेळास नांव पडलें ‘कनास्ता’. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ टोपली.

आमच्या घरोघरच्या रमी खेळणारांस तो फारसा परका वाटणार नाहीं. पत्त्यांचे दोन जोड व चार जोकर मिळून १०८ पानें. खेळाडू चार, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. प्रत्येकास ११ पानें. मात्र रमीप्रमाणें क्रमवार पानें येथें लागत नाहींत. एकाच दर्जाचीं जमवावीं लागतात. सात जमलीं, कीं टोपली भरली. जोकर व दुर्री दुसऱ्या पानांची जागा घेऊं शकतात. पण त्यांच्यावांचून भरलेल्या टोपलीस ५०० गुण, आणि त्यांच्या मदतीनें भरलेल्या टोपलीस ३००. डावांमागून डाव खेळत ५००० गुणांचा पल्ला गांठावयाचा.

हा खेळ अर्जेंटिनांत रुजला, आणि १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचें वेडच पसरलें. मग त्याला फांटे फुटले. ‘सांबा’ या प्रकारांत तीन जोड, १६२ पानें व १०,००० चा पल्ला. रमींतील क्रमवार पानेंही तेथें परत आलीं. ‘बोलिव्हिया’ प्रकारांत पल्ला १५,००० वर गेला. वेळ वांचविण्यासाठीं निघालेल्या खेळानेंच अशा रीतीनें अधिकाधिक वेळ मागितला!

तथापि या खेळांतील एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. हातचीं सर्व पानें संपवून डाव मिटविण्यापूर्वीं खेळाडू आपल्या भिडूस विचारूं शकतो, “मिटवूं काय?” कारण भिडूच्या हातांत पुष्कळ पानें उरलीं असतील, तर त्यांचे गुण दोघांच्याही हिशेबांतून वजा होतात. विचारण्याची सक्ति नाहीं. परंतु एकदां विचारलें, कीं मिळालेलें उत्तर बंधनकारक. ‘नाहीं’ म्हटल्यावर हातांतोंडाशीं आलेला डावही त्या खेपेस मिटवितां येत नाहीं.

संसारांतील भिडूशीं आपण बहुधा याच्या उलट वागतों. विचारतों पुष्कळ, पण उत्तर येण्यापूर्वींच आपला निश्चय झालेला असतो. दोघांच्या हिशेबाचा डाव एकट्यानें मिटवूं नये, एवढें जरी हीं पानें शिकवतील, तरी त्यांच्यापायीं गेलेली संध्याकाळ अगदींच वायां गेली, असें आम्ही म्हणणार नाहीं.