सायकलमार्ग : बेळगाव, पुणे आणि हुपरी

मराठी मुलखात सायकल रुजली ती दुकानांच्या आधाराने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. तिथे सायकली विकल्या जात, दुरुस्त होत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवले जाई. तेव्हा हे वाहन पैसेवाल्यांचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते कामगाराचे आणि विद्यार्थ्याचे झाले. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या पाळीला कामगार सायकलींवरून जात आणि पेठांतल्या दुकानांत तासाच्या भाड्याने सायकल मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवत. नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत. कर देणाऱ्या या वाहनाला रस्त्यात स्वतःची जागा मात्र मिळाली नाही.

ती द्यायला हवी, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 मध्येच सायकलमार्गांचे मानक काढले. गर्दीच्या तासाला 400 सायकली आणि 100 ते 200 मोटारी असतील, तर वेगळा मार्ग करावा. मोटारी 200 हून अधिक असतील, तर 100 सायकलीही पुरेत, असा त्यातला निकष होता. मार्गाची रुंदी किमान दोन मीटर सांगितली होती. साठच्या दशकात पुण्याने हे मनावर घेतले असते तर जागाही होती आणि सायकलस्वारही होते. 1972 मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना आली, पहिली पुणे परिसरातल्याच आणि दुसरी अहमदनगरच्या कारखान्याची. पुढच्या दोन-तीन दशकांत कामगार आणि विद्यार्थी स्कूटर-मोपेडवर गेले.

मार्ग आले ते नंतर. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने पादचारी आणि सायकलस्वारांना जागा देण्यावर भर दिला. त्याच वर्षी पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरची जलद बससेवा, सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकलमार्ग झाले. ते मध्येच तुटत. विजेचे खांब, बसथांबे आणि लावलेल्या गाड्या आडव्या येत. चौकात, जिथे धोका सर्वांत जास्त, तिथे मार्गच संपे. डिसेंबर 2017 मध्ये भाड्याच्या सायकलींची योजनाही आली, पण कंपन्यांनी लवकरच काढता पाय घेतला. रिकाम्या मार्गांकडे बोट दाखवून सायकलस्वारच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण सलग मार्ग लोकांना कधी मिळालेच नव्हते.

सलग मार्ग कसे घडतात ते नेदरलँड्समध्ये दिसते. तिथे 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, 1973 च्या तेलटंचाईने त्यांना बळ दिले आणि पुढे डेल्फ्टसारख्या शहरांनी सुटे मार्ग जोडून संपूर्ण जाळे विणले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीसारख्या गावात प्रश्न वेगळा आहे. चांदीच्या पैंजणाचे काम घरोघरी वाटलेले. तार, जोडकाम, घुंगरू आणि पॉलिश यांचा माल एका घरातून दुसऱ्या घरी जातो. ही अंतरे सायकलच्या आवाक्यातली आहेत आणि गल्ल्यांत वाहनांचा वेग आवरला तरी पुरते. वेगळा मार्ग हवा तो रेंदाळ, यळगूड आणि पट्टणकोडोली या शेजारच्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर. गळीत हंगामात उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर अशा रस्त्यांवरून साखर कारखान्याकडे जातात. तिथे नुसता पांढरा पट्टा कुणालाही वाचवणार नाही. दगडी कठडा किंवा उंच कडाच हवी आणि ती रस्ता रुंद करतानाच बांधायला हवी.