तमाशाचा फड आणि एम.ए.चा प्रबंध

आजच्या भागाचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल: एम.ए.चा प्रबंध. तोसुद्धा 'कला व्यवस्थापन' या शाखेतला. पण थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. हा प्रबंध करायला लंडन-न्यूयॉर्कला जायची गरज नाही. कोरेगाव भीमापासून एसटीने जाता येईल अशा अंतरावर त्याचा विषय गेली कित्येक वर्षं उभा आहे. त्याचं नाव तमाशा.

सुरुवात कोरेगावपासूनच करू. १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि त्यानंतर कंपनी सरकारने नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत उभारलेला स्तंभ, हे तुम्हाला माहीत आहे. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते, हेही माहीत असेल. आता त्याच्या १२ वर्षं मागे जाऊ. मे १९१५. कोलंबिया विद्यापीठात २४ वर्षांच्या भीमरावांनी एम.ए.साठी एक प्रबंध दिला. विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा अर्थव्यवहार. लांबी चाळीसेक पानं. म्हणजे ज्या कंपनीने तो स्तंभ उभारला, तिचे हिशेब बाबासाहेबांनी स्तंभापाशी येण्याच्या कितीतरी आधी तपासले होते.

त्या प्रबंधाला कारभाराचा अभ्यास म्हणून पाहिलं, तर त्यातून तीन साधे प्रश्न निघतात. पैसा आला कुठून? कारभार चालवला कोणी? आणि शेवटी हातात कोणाच्या काय उरलं? कोणत्याही संस्थेला हे तीन प्रश्न विचारता येतात. मग नाचगाण्याच्या संस्थेला का नाही?

जगात कला व्यवस्थापन हा शिकण्याचा विषय झाला तो साधारण १९६० च्या दशकात. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी नाटक, संगीत, नृत्य यांच्या पैशांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा सोपा आहे. कारखान्यात नवं यंत्र आलं की तितकीच माणसं जास्त माल काढतात आणि त्यांचे पगारही वाढतात. पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागायची, आजही चारच लागतात, आणि वेळही तितकाच लागतो. बाहेर पगार वाढतात, म्हणून या चौघांनाही जास्त द्यावं लागतं, पण त्यांचं 'उत्पादन' काही वाढत नाही. त्यामुळे जिवंत कलेचा खर्च कायम तिच्या कमाईच्या पुढे पळतो.

हे आपल्याकडे लावून बघा. सणसवाडी आणि रांजणगावच्या कंपन्यांमध्ये रोबोट आले. ढोलकीवाला मात्र एकच लागतो, आणि तो अर्धा करता येत नाही. सोंगाड्याला ऑटोमेट करता येत नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम पार पडायला रात्र लागते ती लागतेच.

आता फड म्हणजे नेमकं काय, ते बघू. तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक ढोलकी फडाचा, गावोगाव फिरणारा. दुसरा संगीत बारीचा, एका जागी थिएटरात किंवा कलाकेंद्रात चालणारा. फिरत्या फडांची पंढरी म्हणजे जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. यात्रांचा हंगाम आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावचे पुढारी आणि यात्रा कमिटीवाले येतात, भाव ठरतो, सुपारी दिली जाते. संगीत बारी बघायची तर शिक्रापूर, न्हावरा करत दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला जा. तिथली कलाकेंद्रं प्रसिद्ध आहेत.

मोठ्या तंबूच्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, गायक, वादक, वगातले नट, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तिकिटावर बसणारा. आज या गावात, उद्या पन्नास किलोमीटरवर. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो तो उन्हाळ्यात यात्रा संपेपर्यंत फिरत राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एक रिलीज करायला आम्हाला किती मीटिंगा लागतात ते मला माहीत आहे. फड रोज रात्री रिलीज करतो, नव्या जागी, समोर न ओळखणारं पब्लिक घेऊन.

याचं भांडवल कुठून येतं? इथे 'उचल' हा शब्द लक्षात ठेवा. हंगाम सुरू व्हायच्या आधी फडमालक कलावंतांना आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती पुढे कामातून फिटते. मालकाकडे तरी पैसा कुठला? तोही बऱ्याचदा कर्जाने उभा केलेला. म्हणजे सावकार, मालक, कलावंत अशी ही साखळी आहे, आणि सगळा भार पुढच्या यात्रांवर. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रांचे दोन हंगाम बुडाले, तेव्हा ही साखळी वरपासून खालपर्यंत हादरली. उसाच्या फडावर जाणारा कोयत्याचा मजूरही उचलच घेतो. ऊसतोडीला आणि तमाशाला दोन्हीकडे 'फड' आणि 'उचल' हे एकच शब्द असावेत, यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

आता तमाशा आणि कागद यांच्या जुन्या नात्याबद्दल. स्वातंत्र्याच्या आसपास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई प्रांतात तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. एका हुकमाने हजारो घरांची चूल अडचणीत आली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बंदी उठली, पण अट आली: वगाची संहिता आधी तपासून घ्यायची. गंमत बघा. तमाशाची सगळी ताकद हजरजबाबीपणात. बतावणी समोरच्या गावाप्रमाणे बदलते. कित्येक कलावंतांना शाळेचं तोंड बघू दिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे सरकारने मागितला तो कागद. कलेचं व्यवस्थापन वरून झालं की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं हे ठळक उदाहरण आहे.

आणि तिसरा प्रश्न, हातात कोणाच्या काय उरलं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव घेतलं की तो प्रश्न टोचतो. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. २००२ साली त्या गेल्या. शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. नाव एवढं मोठं, मग पैसा कुठल्या टप्प्यावर गळाला? नशीब म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. याचं उत्तर हिशेबात सापडू शकतं, पण तो हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

यावर आधी कोणी काम केलंय का? केलंय. १९७४ साली टेव्हिया अब्राम्स यांनी अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात महाराष्ट्राच्या तमाशावर पीएच.डी.चा प्रबंध दिला. १९९५ मध्ये पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर लिहिलेल्या निबंधात दाखवलं की लावणी वर्षानुवर्षं उचलली गेली, पण ती नाचणाऱ्या बाईची जात आणि तिची मेहनत बाजूला ठेवून. आणि येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातल्या दलित स्त्रियांवर पुस्तक आणलं. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. येरवडा आणि कोरेगाव एकाच नगर रोडवर आहेत, हे विसरू नका.

जात आणि स्त्री यांवर हे काम पक्कं उभं आहे. फडाच्या व्यवस्थापनाची बाजू घेऊन एम.ए.च्या विद्यार्थ्याला त्याला एक छोटी वीट जोडता येईल. छोटी म्हणजे किती? 'तमाशाची आर्थिक स्थिती' हा विषय एम.ए.ला पेलत नाही. 'एका फडाने एका हंगामात सुपारी कशी ठरवली' हा पेलतो. 'चौफुल्याच्या एका कलाकेंद्रात थिएटरमालक आणि पार्टीची मालकीण यांच्यात वाटणी कशी होते' हाही पेलतो.

इथे गाइड लागतो. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. तुम्ही लिहिलेलं दुसरा वाचतो आणि विचारतो, हे कशावरून? गाइडचं मुख्य काम तेच. तो विषय कापून लहान करतो, आणि जे तुम्ही गृहीत धरलंय त्यावर बोट ठेवतो. फडमालकाशी बोललात, पण उचल घेणाऱ्या बाईशी बोललात का? बोलताना मालक शेजारी बसला होता का? तिने कर्जाचा आकडा सांगितला, तो छापला तर तिला पुढच्या हंगामात काम मिळेल का? हे प्रश्न तोंडी परीक्षेत येण्याआधी गाइडच्या टेबलावर आलेले बरे.

वेळापत्रकही फड ठरवतो, विद्यापीठ नाही. सेमिस्टर संपता संपता मे महिन्यात मुलाखती घ्यायला गेलात तर माणसं दमून घरी गेलेली असतील. सुपारी ठरताना बघायची तर चैत्राच्या तोंडावर नारायणगावात हजर राहावं लागेल. उचल समजून घ्यायची तर दसऱ्याच्या आधी.

आणि एक गोष्ट पक्की धरून चला. तमाशाकडे कागद घेऊन आलेला माणूस आधी बंदी घेऊन आला, मग संहितेची अट घेऊन आला. तुमचा प्रबंधही कागदच आहे. म्हणून तो पूर्ण झाल्यावर ज्यांनी माहिती दिली त्यांना तो मराठीत, त्यांच्या समोर बसून वाचून दाखवायला हवा. चुकलं असेल तर त्या सांगतील. फड चालवण्याची अक्कल त्यांचीच आहे, आपण फक्त ती लिहून काढतोय.

बाबासाहेबांनी कंपनीच्या कागदांवरून कंपनीलाच जाब विचारला. फडाच्या कारभाराचं बरंचसं ज्ञान मात्र माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं थकत चालली आहेत. तुमच्यापैकी कोणी एम.ए. करत असेल आणि विषय ठरत नसेल, तर या रविवारी चौफुल्याची गाडी पकडा. वही न्या, पण पहिल्या दिवशी ती पिशवीतच राहू द्या. आधी बारी बघा.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.