हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलते, जोडण्या मागे राहतात

सातपूर औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योगाचा हिशेब सहसा एकाच सॉफ्टवेअरमध्ये मावत नाही. बिले आणि खतावणी एका ठिकाणी, प्रवेशद्वारावरील हजेरी यंत्र दुसऱ्याच कंपनीचे, जॉबवर्कच्या चलनांचा तक्ता एक्सेलमध्ये आणि चार्टर्ड अकाउंटंटकडे बहुधा टॅली. या सर्वांना जोडणारे छोटे प्रोग्रॅम एखादा स्थानिक संगणक व्यावसायिक लिहून देतो. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पहिला तडा जातो तो याच जोडण्यांना.

परवाना शुल्क नसलेल्या मुक्तस्रोत, अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न अधिक जाणवतो. त्याचा डेटाबेस कोणालाही उघडून पाहता येतो. तक्ते समोर दिसत असले की त्यांतून थेट आकडे उचलण्याचा मोह होतोच.

याचे बोलके उदाहरण मुंबईचेच आहे. फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या मुंबईच्या कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ जीपीएल परवान्याखाली मोफत उपलब्ध असून, त्याची माहिती प्रामुख्याने मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठवली जाते. बाराव्या आवृत्तीपर्यंत एखादे बिल रद्द केले की खतावणीतील त्याच्या नोंदी पुसल्या जात. २०२१ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीने ही पद्धत सोडली. आता मूळ नोंदी जागीच राहतात, त्यांच्यावर ‘रद्द’ अशी खूण होते आणि तितक्याच रकमेच्या उलट नोंदी शेजारी पडतात. जमाखर्चाच्या शिस्तीला हे धरूनच आहे. वहीतला आकडा खोडू नये, उलट नोंद करावी, हे जुन्या मुनिमांनाही ठाऊक होते.

घोटाळा होतो तो बाहेरच्या अहवालात. समजा, एका कारखान्याने एक लाख रुपयांचे बिल चुकीच्या नावाने काढले, ते रद्द केले आणि दुरुस्त बिल पुन्हा काढले. एक्सेलमधील अहवाल जर विक्री खात्याच्या केवळ जमा बाजूची बेरीज करीत असेल, तर त्यात विक्री दोन लाख दिसेल. उलट नोंद नावे बाजूला पडल्याने खात्याची शिल्लक बरोबर येते, ताळेबंदही जुळतो. त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. बँकेला द्यावयाच्या मासिक विवरणात मात्र फुगलेला आकडा जाऊ शकतो. येथे तक्त्याचे नाव बदलले नाही, स्तंभही नाहीसा झाला नाही. बदलला तो नोंदीचा अर्थ.

‘ग्नूकॅश’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बदल याहून साधा होता. त्यात २०१० च्या २.४ आवृत्तीपासून एक्सएमएल फाइलऐवजी डेटाबेसमध्ये हिशेब ठेवण्याची सोय झाली. २०१८ मध्ये ३.० आवृत्ती आली, तेव्हा एसक्यूलाइट फाइलमधील तारखा लिहिण्याची रीत बदलली. पूर्वी वर्ष, महिना, दिवस व वेळ यांचे चौदा अंक सलग लिहिले जात. आता मध्ये आडव्या रेघा व विसर्गचिन्हे आली. पहिले आठ अंक म्हणजे तारीख, असे गृहीत धरणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमला ‘२०१८०३३१’ ऐवजी ‘२०१८-०३-’ एवढेच मिळू लागले. कोणत्या तक्त्याची रचना कितव्या आवृत्तीची आहे, हे ग्नूकॅश त्याच डेटाबेसमधील एका स्वतंत्र तक्त्यात नोंदवते. जोडणी लिहिणाऱ्याने तो आधी वाचावा, एवढीच अपेक्षा असते; ती क्वचितच पाळली जाते.

यावर उपाय म्हणून तक्त्यांना हात न लावता सॉफ्टवेअरने दिलेल्या अधिकृत दारातून, म्हणजे एपीआयमधून, माहिती घ्यावी असे सांगितले जाते. हे दारही कायमचे नसते. ईआरपीनेक्स्टच्या चौदाव्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, मनुष्यबळ व वेतनाचा भाग स्वतंत्र ॲपमध्ये गेला आणि हजेरी यंत्राने नोंद पाठवावयाचा पत्ता बदलला. भारतीय जीएसटीच्या सुविधाही ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये हलल्या. तरीही दार बंद झाले तर निदान त्रुटीचा संदेश येतो. थेट बेरीज करणारा अहवाल चुकीचा आकडा निमूटपणे देत राहतो.

थेट लिहिण्याचा धोका तर आणखी मोठा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, न पुसता येणारी नोंद राहणे बंधनकारक आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमने डेटाबेसमध्ये परस्पर आकडा बदलला, तर सॉफ्टवेअरच्या नोंदीत त्याचा मागमूस राहत नाही. हा नियम कंपन्यांना लागू आहे. मालकी व भागीदारीतील उद्योगांना नाही.

आवृत्ती बदलण्यापूर्वी केवळ डेटाबेसची प्रत काढून ठेवणे पुरेसे नसते, कारण नवे सॉफ्टवेअर जुनी प्रत जशीच्या तशी उघडेलच असे नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे, तर जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्यामुळे जुन्या प्रतीसोबत तीच जुनी आवृत्ती एखाद्या संगणकावर चालू स्थितीत ठेवावी लागते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची ती आवृत्ती पुन्हा मिळवायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. बदलानंतर मागील महिन्याचा प्रत्येक बाहेरचा अहवाल, एखाद्या रद्द बिलासह, मूळ सॉफ्टवेअरमधील अहवालाशी ताडून पाहिला, तर बहुतेक फरक त्याच दिवशी सापडतात. हे काम मार्चअखेरीस काढू नये.