मलेरीची सुसर आणि नागपूरचा पाद्री

मलेरी हे गाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. तेलंगणात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातलं. तिथल्या लाल मातीत सुमारे 22-23 कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे ट्रायासिक काळातली हाडं सापडतात. त्यातल्याच एका प्राण्याचं नाव 'पॅरासुकस हिस्लोपी'. यातला हिस्लॉप आपल्या नागपूरचा!

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 साली धर्मप्रसारासाठी नागपुरात आले, पण त्यांचं मन दगडांतही तेवढंच रमलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना पुरात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. हा प्राणी मात्र क्वचितच कुणाला.

हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञानं 1870 मध्ये पॅरासुकस हे नाव वापरलं आणि लायडेकरनं 1885 मध्ये त्याला हिस्लॉपचं नाव जोडलं. पॅरासुकस म्हणजे मगरीच्या जवळचा. दिसायला थेट सुसरच: लांब तोंड, अणकुचीदार दात, पाठीवर हाडांची ढाल. पण सुसरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ. हा सुसरीचा पूर्वज नव्हे. पाण्यात दबा धरून बसायचं, तर शरीर तसंच घडतं, इतकंच.

पुढं एक गंमत उघडकीस आली. लायडेकरनं एकत्र मांडलेली हाडं एका प्राण्याची नव्हतीच! कवटीच्या तळाचा भाग निघाला ऱ्हिंकोसॉर नावाच्या चोचवाल्या शाकाहारी प्राण्याचा. उरला तो तोंडाचा तुकडा, आणि तेवढ्यावरून कुणाची ओळख पटणार? नाव पुसलं जायची वेळ आली.

ते वाचलं कोलकात्यामुळे. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली जीवाश्मांचं काम उभं राहिलं होतं. (आकडेवारीच्या संस्थेत हाडं कशी, असं विचारू नका, महालनोबिसांचा आवाकाच तसा होता.) तिथले शंकर चॅटर्जी यांनी 1978 मध्ये मलेरीच्या जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातलाच एक सांगाडा या नावाचा नवा प्रमाण नमुना मानावा, असा अर्ज त्यांनी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे केला आणि 2003 मध्ये तो मंजूर झाला.

आणि या सांगाड्यांच्या पोटात शेवटचं जेवणसुद्धा होतं. चॅटर्जींनी 1980 मध्ये त्या भक्ष्याचंही बारसं केलं: मलेरिसॉरस रॉबिन्सनी.